योग्य ते संस्कार

मापक आला आणि सगळ्यात आधी लग्नपत्रिका उघड्या पडल्या. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ महाराष्ट्रातल्या तमाम चिंगी-बंटी-सोनूंनी लिहिलेली नसून तिच्या बहुतेक आवृत्त्या एकाच छापखान्यातल्या एका अविवाहित गृहस्थांच्या आहेत, असं यंत्राने जाहीर केलं. लोक हसले. मग पुढाऱ्यांची भाषणं तपासली गेली. त्याचं कुणाला आश्चर्यही वाटलं नाही. मग मानपत्रं, मग श्रद्धांजल्या आणि शेवटी पीएचडीचे प्रबंध. तिथे मात्र हसणं थांबलं. एका विद्यापीठाने आपलं प्रबंधांचं दालन ‘छताच्या दुरुस्तीसाठी’ बेमुदत बंद ठेवलं. छत तळमजल्याचं होतं.

मापकाचं शास्त्र तसं साधं होतं. माणूस लिहिताना मोठे शब्द निवडून वापरतो, त्यामुळे त्यांच्या आड तो लपू शकतो. लहान शब्द मात्र आपोआप येतात. ‘पण’ वाक्याच्या सुरुवातीला येतो की मध्ये, ‘च’ कुठे कुठे चिकटतो, क्रियापद शेवटपर्यंत थोपवून धरायची सवय आहे की ते बोलून टाकायची घाई, दोन विरामांमध्ये माणूस किती दम धरतो, अशा काही हजार सवयी एकत्र केल्या की प्रत्येकाची एक चाल तयार होते. जिन्यावरच्या पावलांवरून घरच्यांना कळतं ना, कोण आलं ते? तसंच. नमुन्यांची चणचण नव्हती. गेली तीस वर्षं माणसं फोनवर इतकं लिहून बसली होती की कुणाचीही चाल दहा मिनिटांत मिळे. मजकूर आत सरकवला की यंत्र प्रत्येक वाक्याला त्याच्या कर्त्याचा रंग देई आणि तळाशी टक्केवारी.

शास्त्र इथे थांबलं असतं तर चाललं असतं. पण मागोमाग कायदा आला. खरे कर्तृत्व अधिनियम, २०३८. मांडणी ज्याची, हक्क त्याचा. अर्ध्याहून जास्त मांडणी ज्याची निघेल तो लेखक, मग वर छापलेलं नाव कुणाचंही असो. एखादा लेख सर्वांना मोफत खुला करायचा असेल तर या खऱ्या लेखकाची सही हवी, आणि लेख खुला होणार तोही त्याच्याच नावाने. सही नसेल तर लेख कुलपात. लेखक वारल्यावरही साठ वर्षं कुलपातच.

आता कोल्हापूरच्या विभागीय ग्रंथालय संघाकडे येऊ.

संघाचं ‘फडताळ’ नावाचं त्रैमासिक होतं. ज्ञान सर्वांना खुलं असावं, ही गोष्ट ‘फडताळ’ने पन्नास वर्षं हिरिरीने मांडली, आणि ती मांडणारे अंक फक्त वर्गणीदारांना मिळत राहिले. मध्यंतरी ज्या कंपनीला अंक स्कॅन करायला दिले होते, ती आता तेच अंक ग्रंथालयांना वार्षिक भाड्याने वाचायला देत होती. ‘वाचकाला दारात अडवू नका’ हा गाजलेला अग्रलेख वाचायचा तर दारात दीडशे रुपये भरावे लागत. ग्रंथालयशास्त्र शिकणारी खेड्यापाड्यांतली मुलं तो न वाचताच परीक्षेत त्यावर टिपा लिहीत.

तेव्हा सुवर्णमहोत्सवी अधिवेशनात ‘फडताळ’चे सगळे अंक राष्ट्रीय मुक्त भांडारात ठेवून जगाला खुले करायचे, असं संघाचे अध्यक्ष, निवृत्त प्राचार्य रावसाहेब मगदूम यांनी ठरवलं. त्यांनी उत्साहाने गावोगावच्या लेखकांची, आणि लेखक वारले असतील तर त्यांच्या वारसांची, संमतिपत्रं गोळा केली. गठ्ठे बांधले. मग कायद्याप्रमाणे सगळे लेख मापकातून काढायचे एवढंच राहिलं. ते काम संघाच्या डिजिटल अधिकारी रेश्मा मुजावर यांच्याकडे होतं.

चार दिवसांनी रेश्माने अध्यक्षांना आणि माजी संपादक मुकुंद हेर्लेकर यांना कार्यालयात बोलावलं. हेर्लेकर सरांनी चौतीस वर्षं ‘फडताळ’चं संपादन केलं होतं. उंच, किडकिडीत, खिशात लाल पेन. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी पेन निवृत्त झालं नव्हतं; हॉटेलचं मेनूकार्डसुद्धा ते दुरुस्त करून परत देत.

“सर, निकाल लागला,” रेश्मा म्हणाली. “तुमच्या काळातले सगळे लेख तुमचे आहेत.”

“माझे अग्रलेख? ते आहेतच.”

“अग्रलेख नाही सर. सगळे.”

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. मापकाने हेर्लेकरांना निळा रंग दिला होता. पडद्यावर चौतीस वर्षं निळीशार पसरली होती. मध्येच कुठे एखादा पिवळा ठिपका.

“हे काय झालं म्हणायचं?” मगदूम सर चष्मा पुसत म्हणाले. “माझा लेख काढा बघू. ‘ग्रंथालय : काल, आज आणि उद्या’.”

“नव्याण्णव टक्के हेर्लेकर सर.”

“आणि उरलेला एक?”

“तुमचं पदनाम आहे, सर.”

यात चोरी कुठेच नव्हती, हे सांगायला हवं. संघात एक रीत होती. लेख पाठवताना सोबतच्या चिठ्ठीत एक वाक्य लिहायचं : ‘योग्य ते संस्कार करून छापावा.’ ते विनयाने लिहायचं असतं, आणि संपादकाने ते विनयानेच विसरायचं असतं. हेर्लेकर सर विसरत नसत. ते अक्षरशः संस्कार करत. कुणी चार मुद्दे पाठवी, कुणी भाषणाची ध्वनिफीत, कुणी नुसताच फोटो. सर त्याचा लेख करत. एकदा तर परभणीकडच्या एका कार्यवाहांनी फक्त ती चिठ्ठी पाठवली होती, आत लेख घालायला विसरले होते. तरी पुढच्या अंकात त्यांचा लेख आला, आणि तो चांगला असल्याबद्दल त्यांनी स्वतःच सरांना कळवलं. अंक निघाल्यावर सगळे आभार मानत. आपण आधीपासूनच असं लिहीत होतो, असं सगळ्यांना वाटे, आणि सरांनाही तसंच वाटे.

“मग सोपं झालं की!” मगदूम सर एकदम सावरले. “तीनशे सह्यांच्या जागी एकच सही. करून टाका हेर्लेकर सर. गावोगावच्या पोरांना वाचायला मिळंल.”

“पण सर, खुला होताना वर नाव हेर्लेकर सरांचं येणार,” रेश्मा म्हणाली. “मूळ नाव खाली, बारीक. ‘माहिती साहाय्य’ म्हणून.”

मगदूम सर या डिसेंबरात राज्य ग्रंथालय परिषदेला उभे राहणार होते. त्यांच्या परिचयपत्रात एकच लेख होता. त्यांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

“मुक्त प्रवेश हे तत्त्व चांगलंच आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण सगळीच तत्त्वं एकदम अंमलात आणायची नसतात.”

हेर्लेकर सरांचं तिकडे लक्षच नव्हतं. “रेश्मा,” त्यांनी विचारलं, “१९९९चा दिवाळी अंक. शैलजा हेर्लेकर.”

रेश्माला तो लेख शोधावा लागला नाही. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या कुणालाच लागला नसता. ‘न परतलेली पुस्तके’. अभ्यासक्रमात होता, पुरस्कार मिळालेला होता, आणि त्यातलं एक वाक्य राज्यातल्या निम्म्या ग्रंथालयांच्या भिंतींवर रंगवलेलं होतं. पडद्यावर तो लेख आला. निळा.

“चौऱ्याण्णव,” रेश्मा हळू आवाजात म्हणाली.

*

शैलजाताई स्टुलावर उभ्या राहून खिडकीच्या जाळ्या पुसत होत्या. गडहिंग्लजच्या मुलींच्या शाळेत त्या बत्तीस वर्षं ग्रंथपाल होत्या, आणि उंचावरच्या वस्तूंवर धूळ असते यावर त्यांचा अनुभवसिद्ध विश्वास होता.

“आलात? बरं झालं. स्टूल धरा.”

सरांनी स्टूल धरलं. अशा अवस्थेत माणसाला बोलता येतं पण निघून जाता येत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला उशीर झाला. त्यांनी सगळं सांगितलं. मापक, निळा रंग, मगदुमांचं पदनाम. त्यावर शैलजाताई मनापासून हसल्या. मग सरांनी उरलेलं सांगितलं.

वर फडकं थांबलं.

“माझे किती म्हणालात?”

“सहा टक्के.”

“म्हणजे शाळेत बत्तीस वर्षं मी, आणि लेखात तुम्ही.”

“तसं नाही गं. अनुभव तुझाच. मांडणीवर जरा हात फिरवला होता. तूच चिठ्ठी लावली होतीस, योग्य ते संस्कार—”

“तुम्ही सगळ्यांना चिठ्ठी मागत होतात. घरातल्या माणसाला तरी कसं सोडणार, म्हणून लावली.” फडकं पुन्हा सुरू झालं, जरा जोरात. “मग आता?”

“मी सही केली की लेख सगळ्यांना मोफत वाचायला मिळेल. माझ्या नावाने. तुझं नाव खाली येईल, माहिती साहाय्य म्हणून.”

“मी म्हणजे माहिती का हो?”

सरांनी स्टूल आणखी घट्ट धरलं. 

“आणि सही नाही केली तर?”

“कुलपात. मी गेल्यावरही साठ वर्षं.”

“करून टाका सही,” त्या म्हणाल्या. “पोरींना वाचायला मिळतंय, ते महत्त्वाचं. माझं काय, नाव गेलं तर गेलं.” मग जाळीच्या कोपऱ्यात बोट घालत त्या जाता जाता म्हणाल्या, “तसंही भिंतीवरचं ते वाक्य मला कधी पटलं नाही.”

ते वाक्य असं होतं : ‘पुस्तक परत आले नाही म्हणजे ग्रंथालयाचे नुकसान झाले असे नव्हे, ग्रंथालय त्या घरापर्यंत वाढले.’

हेर्लेकर सरांनी आयुष्यात काही हजार वाक्यं लिहिली असतील. त्यांतलं कुठलं सर्वांत चांगलं, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी आधी आढेवेढे घेतले असते आणि मग हेच सांगितलं असतं.

“पटलं नाही?”

“नाही.”

“चाळीस वर्षं? तुझ्या निरोपसमारंभात मुख्याध्यापिकाबाईंनी ते वाचून दाखवलं, तू रडलीस.”

“रडले, कारण त्या दिवशी किल्ल्या द्यायच्या होत्या. अहो, लग्न होऊन गेलेल्या पोरींकडे पुस्तकं राहिली होती, ती बघायला मी घरोघर फिरले. एका घरी पुस्तक पिठाच्या डब्यामागे लपवलेलं होतं. तिथे कुठलं आलंय ग्रंथालय वाढलेलं? आणि इकडे शाळेत सातवीच्या पोरी तेच पुस्तक मागत होत्या, ते नव्हतं. हे नुकसान नाही तर काय?”

“मग बोलली का नाहीस?”

“सगळ्यांना आवडलं होतं.” त्या खाली उतरल्या आणि सरांच्या हातातून स्टूल काढून घेतलं. “तुम्हाला तर फारच.”

*

पुढचे काही दिवस हेर्लेकर सरांनी संस्कार काढण्याचा प्रयत्न केला.

कल्पना त्यांना तर्कशुद्ध वाटली. लेखात आपली चाल आलीय ना, मग ती काढून टाकू, शैलजाची घालू. एवढी वर्षं एका घरात काढली, ती कशी बोलते हे आपल्याला माहीत नाही तर कुणाला? त्यांनी नेमकी वाक्यं फोडली, लांबवली. जागोजागी ‘आणि मग’ घातलं. दोन परिच्छेद मुद्दाम भरकटवले. एका ठिकाणी क्रियापद गाळलं आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. मग लेख घेऊन ते रेश्माकडे गेले.

“शहाण्णव,” रेश्मा म्हणाली.

“शैलजाचे?”

“तुमचे, सर. आधी चौऱ्याण्णव होते.”

“अगं पण मी इतक्या चुका केल्या!”

“त्याच दिसतायत की सगळ्या निळ्या.” तिने पडदा दाखवला. “सर, रागावू नका. पण तुम्ही चुकासुद्धा नीटनेटक्या करता. बघा, प्रत्येक परिच्छेदात एकच.”

सर खुर्चीत बसले. कार्यालयात कुणी नव्हतं. मगदूम सर हल्ली तत्त्वाचा विचार करायला घरीच थांबत. रेश्माने तिच्या डब्यातली शेंगदाण्याची पोळी पुढे केली. ती स्वतः ‘न परतलेली पुस्तके’ वाचूनच या शाखेकडे आली होती, हे तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि आता तर सांगायची सोयच उरली नव्हती. सांगायचं कुणाला, हा प्रश्न होता.

“सर, एक विचारू? मॅडमना हा लेख हवाय की त्यांची गोष्ट?”

“एकच नाही का ते?”

“कायद्यात नाही. मांडणीवर हक्क असतो. अनुभवावर कुणाचाच नसतो. तो ज्याचा त्याने कितीदाही सांगावा. मॅडमनी पुन्हा लिहिलं, स्वतः, तर ते त्यांचंच होईल. पहिल्या लेखाचा काही संबंध नाही.” मग तिने जरा थांबून पुस्ती जोडली, “तुम्ही हात लावायचा नाही मात्र. एका ओळीलासुद्धा.”

ही अट ऐकून सरांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला.

बाकीच्या लेखकांनाही त्यांनी त्याच आठवड्यात तीन मार्ग कळवले : पुन्हा लिहा, किंवा माझ्या नावाखाली माहिती साहाय्य म्हणून राहा, किंवा लेख कुलपात ठेवा. बहुतेकांनी साहाय्य पत्करलं. आपण कधीकाळी असं काही लिहिलं होतं याचाच अनेकांना आनंद झाला. मगदूम सरांनी मात्र बाणेदारपणे पुनर्लेखन केलं. ते मापकात घातल्यावर अठ्ठ्याऐंशी टक्के त्यांच्या पुतण्याचं निघालं, आणि कायद्यानुसार ‘ग्रंथालय : काल, आज आणि उद्या’ हा विचारप्रवर्तक लेख आज मुक्त भांडारात त्या पुतण्याच्या नावावर आहे. तो ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो.

*

“पुन्हा लिही,” सर घरी येऊन म्हणाले.

शैलजाताईंनी कोड्याच्या पुस्तकातून मान वर केली. “आणि तुम्ही तपासणार.”

“नाही.”

“नुसता डोळा घालणार.”

“तोही नाही.”

“बघू,” त्या म्हणाल्या. याचा अर्थ हो असतो, हे सरांना माहीत होतं. त्या कधी लिहितील हे मात्र नव्हतं.

त्या दुपारी लिहीत. जेवणं झाली की मागच्या खोलीत जात आणि दार लोटून घेत. बत्तीस वर्षं शाळेत आणि नंतर या घरात शैलजाताईंनी कधी कुठलं दार लोटून घेतल्याचं सरांना आठवत नव्हतं. ते बाहेर वर्तमानपत्र उघडून बसत आणि मुद्रणदोषांवर लाल खुणा करत, पण मन लागत नसे. आतून कधी खाडाखोडीचा आवाज येई, कधी मुळीच काही येत नसे. एखादा शब्द अडला तर ती विचारेल, असं त्यांना वाटत होतं. सवयीने ते दाराच्या जवळची खुर्ची धरून बसू लागले.

तिने एकही शब्द विचारला नाही.

पंधरवड्याने एका सकाळी तिने कागद आणून त्यांच्यासमोर ठेवले. “वाचा. पेन इकडे द्या.”

त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. ती समोर बसली.

लेखाचं नाव होतं ‘मालनचं पुस्तक’. पहिल्याच परिच्छेदात तीन वेळा ‘आणि’ होतं. दुसरा परिच्छेद शाळेच्या घंटेविषयी होता, तिचा विषयाशी संबंध नव्हता. सरांचा उजवा हात टेबलावर आपोआप सरकत होता. त्यांनी तो मांडीखाली धरला आणि वाचत राहिले. मग हे आलं :

‘मालन दहावीला नापास झाली आणि तिचं लगेच लग्न झालं आणि प्रवासाचं एक पुस्तक तिच्याकडे राहिलं, ते बघायला मी नेसरीच्या पुढे तिच्या सासरी गेले. पुस्तक पिठाच्या डब्याच्या मागे होतं. ती म्हणाली, बाई, घेऊन जा, पण एवढं पान होऊ दे. मी म्हटलं बरं. मग ती उंबऱ्यावर बसून वाचायला लागली आणि मी गोठ्यापाशी उभी राहिले, म्हशीनं माझ्या पदराला तोंड लावलं तरी हलले नाही, कारण मला वाटलं हलले तर ती उठेल. ते पान काही होईना. मला कळत होतं की ती ते पान पुन्हा पुन्हा वाचतीय. एसटी चुकली. चुकू दे. मग तिच्या सासूची हाक आली तशी तिनं पुस्तक पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं आणि मी ते पिशवीत घातलं आणि चालत नेसरीला आले.’

सरांनी कागद खाली ठेवला.

“तू पुस्तक परत आणलंस?”

“मग? मी ग्रंथपाल होते.”

“पण लेखात—”

“लेखात तुम्ही ते तिथेच राहू दिलंत. ‘ते पुस्तक मी त्या उंबरठ्यावरच सोडून आले.’ छान दिसत होतं.”

सरांना आता ते आठवलं. शेवटाकडे लेख पडत होता. पुस्तक पिशवीत घालून बाई निघून येतात, यात काही उंची नव्हती. त्यांनी एक वाक्य बदललं, आणि मग त्या वाक्याला साजेसं दुसरं सुचलं, आणि ते भिंतींवर गेलं. गावोगावच्या ग्रंथपालांनी ते वाचून न परतलेल्या पुस्तकांची चौकशी करायचं सोडून दिलं, आणि त्यातच आपलं औदार्य आहे असं मानलं. कुणीही एखाद्या मालनच्या गोठ्यापाशी जाऊन उभं राहिलं नसेल. ग्रंथालय वाढलं होतं ना. मग जायची काय गरज?

त्यांनी शेवटचं पान उचललं. लेख असा संपत होता :

‘शाळेत ते पुस्तक पुढं चाळीस-पन्नास मुलींनी वाचलं. मालननं वाचलं नाही. मी ते परत घ्यायला हवं होतं की नको होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.’

“हा शेवट नाही होत,” सर म्हणाले. आणि लगेच, “माफ कर. सवय.”

“मला ठाऊकाय तो होत नाही,” शैलजाताई म्हणाल्या. “झाला असता तर मी लिहिलं कशाला असतं?”

सरांनी कागद गोळा करून सारखे केले. खाली वाकून एक टाचणी शोधली. लावली. पेन मागितलं नाही.

*

रेश्माने लेख मापकात घातला. पडदा पिवळा झाला, हळदीसारखा. अगदी मध्ये एक निळी रेघ.

“सत्त्याण्णव टक्के मॅडम,” ती म्हणाली. “तीन सर.”

शैलजाताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी दोन्ही हात वर केले. “शपथ. मी पेन दिलं होतं.”

“कुठले तीन?”

रेश्माने निळी रेघ मोठी केली. ‘एसटी चुकली. चुकू दे.’

“हे माझंच आहे!”

“असेल, मॅडम. पण असं तुटक तोडायची चाल सरांची आहे, असं यंत्र म्हणतंय. घरात ऐकून ऐकून आली असेल. अर्ध्याच्या कितीतरी आत आहे, त्यामुळे सरांची सही लागत नाही. हवं तर बदलून टाकू?”

शैलजाताईंनी ते वाक्य दोनदा मनाशी म्हटलं. मग एकदा नवऱ्याकडे पाहिलं. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “संसारात तीन टक्के इकडचे तिकडे व्हायचेच.”

त्यांनी सही केली. लेख खुला झाला. शैलजा हेर्लेकर, एकच नाव.

मग रेश्माने सरांच्या पुढे बाकीच्या लेखांची संमतिपत्रं ठेवली. सर एकेकावर सही करत गेले, प्रत्येकाखाली माहिती साहाय्याची ओळ नीट आहे ना ते पाहत. शेवटी एकच राहिला. ‘न परतलेली पुस्तके’, दिवाळी १९९९.

“हा कुलपात,” सर म्हणाले.

“सर, हा तुमचा सगळ्यात चांगला लेख आहे.”

“माहीत आहे.”

“अभ्यासक्रमात आहे. काढावा लागेल. भिंतींवरची वाक्यंसुद्धा.”

“रंग देतील. नाहीतरी बऱ्याच ठिकाणी ओल आलीय.”

रेश्माने नकाराच्या चौकटीत खूण केली. यंत्राने विचारलं, निर्णय पक्का का? सरांनी बटण दाबलं. लेख पडद्यावरून गेला, आता तो सर वारल्यावर साठ वर्षांनी कुणाला तरी दिसेल. तोवर भिंती आणि बहुधा ग्रंथालयंही उरलेली नसतील, अशी त्यांची समजूत होती. कार्यालयातून बाहेर पडताना ते नेहमीपेक्षा जरा हळू चालत होते. रिक्षात बसताना शैलजाताईंनी त्यांची पिशवी आपल्या मांडीवर घेतली. 

महिनाभरात ‘मालनचं पुस्तक’ साडेतीनशे लोकांनी वाचलं. पूर्वीच्या लेखाच्या मानाने हे काहीच नव्हतं. भिंतीवर रंगवण्याजोगं त्यात एकही वाक्य नव्हतं.

मग एका सकाळी शैलजाताई स्वयंपाकघरात गवार निवडत बसल्या असताना फोनवर निरोप आला. त्यांनी तो वाचला, चष्मा सारखा करून पुन्हा वाचला आणि हाक मारली, “अहो, ऐकलंत का?”

सर आले. निरोप जतकडच्या एका तरुण ग्रंथपाल बाईंचा होता. शैलजाताईंनी तो मोठ्याने वाचला. “‘महोदया, आपला लेख फार पसरट आहे. घंटेचा परिच्छेद कशासाठी? शिवाय आपण त्या मुलीचं पुस्तक परत घेतलंत हे मला अजिबात आवडलं नाही. एक प्रत गेली असती तर शाळेचं काय बिघडणार होतं? मी आपल्या जागी असते तर घेतलं नसतं. माझ्याकडेही अशी एक मुलगी आहे, रविवारी तिच्या घरी जाणार आहे. आपण का घेतलंत, ते कळवावं.’”

सरांचा चेहरा लाल झाला. कुणाला तरी झणझणीत उत्तर द्यावं असं त्यांना फार दिवसांनी वाटलं. पण शैलजाताई हसत होत्या. खरं म्हणजे त्या खूश झाल्या होत्या.

“चाळीस वर्षांत माझ्या लेखाला कुणी नावं ठेवली नव्हती,” त्या म्हणाल्या. “आणि पुस्तक का घेतलंस, हे तर कुणी विचारलंच नव्हतं. विचारणार कसे म्हणा.”

“उत्तर मी लिहून देऊ?”

शैलजाताईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. मग फोन घेऊन त्या मागच्या खोलीत गेल्या. दार लोटून घ्यायच्या आधी त्यांनी वळून सांगितलं, “रविवारच्या आत पोचायला हवं. तिचं जायचं आहे.”

हेर्लेकर सरांनी गवारीचं ताट पुढे ओढलं आणि शिरा काढायला घेतल्या.